महूहून आणलेली मोटार

मुंबई-आग्रा रस्ता आम्हां खान्देशकरांच्या पायाखालचा. धुळ्याहून उत्तरेला निघाले की सोनगीर, नरडाणा, शिरपूर. तापी ओलांडली की सातपुडा समोर उभा राहतो. बिजासनचा घाट चढला की सेंधवा, आणि मग निमाडातून नर्मदा ओलांडून इंदूर. सोयरीक म्हणा, कापूस म्हणा, केळी म्हणा, नाहीतर बिजासनी मातेचा नवस म्हणा, कशा ना कशासाठी आमची माणसे या रस्त्याने जात-येत असतात. मीही किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. पण गेल्या मार्गशीर्षात याच रस्त्याने एक बंद पडलेली मोटार घरी आणली, आणि ओळखीचा रस्ता मला नव्याने दिसला. तीच हकीकत आज सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, जीप किंवा पिकअप आहे, त्यांना तिचा उपयोग होईल असे वाटते.

माझे थोरले मामा महूला राहत. महू ही इंदूरजवळची जुनी लष्करी छावणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इथलाच, म्हणून आपल्याकडची कितीतरी माणसे दरवर्षी तिथे जातात. २००३ साली गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले, पण बोलण्यात अजून महूच आहे. मामा तरुणपणी पारोळा तालुक्यातले आपले गाव सोडून तिथे मेकॅनिक म्हणून लागले, ते तिथेच स्थिरावले. आता वय ब्याऐंशी. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. आजोळची शेती मीच पाहतो, म्हणून एके दिवशी त्यांचा फोन आला, “भाचा, आता गावाला येतो म्हणतो. पडवीत एक खाट टाकून दे.” मग थोडे थांबून म्हणाले, “पण मी एकटा येणार नाही. मोटारही येईल.”

ही मोटार आम्ही लहानपणी पाहिलेली. दोन माणसांपुरती, बिनटपाची, लांब नाकाची, सायकलीसारखी तारांची चाके असलेली. पुढची काच आडवी पाडता येते. नाव एम. जी., आणि जातीचे नाव टी. सी. इंग्लंडात ॲबिंग्डन या गावी १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. हल्ली आपल्या रस्त्यांवर एम. जी. नावाच्या नव्या मोटारी दिसतात, त्या २०१९ पासून इथे विकायला आल्या. नाव तेच, पण घराणे आता चिनी मालकीचे आहे. मामांची गाडी एका लष्करी अधिकाऱ्याची. बदली होऊन जाताना त्याने ती बंद अवस्थेत मामांना देऊन टाकली. मामांनी ती दुरुस्त करून पुष्कळ वर्षे चालवली. पुढे सुटे भाग मिळेनात, मामांचे गुडघे धरले, आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

मला तिचे कौतुक वाटते ते वेगळ्याच कारणाने. वरून पत्रा दिसतो, पण त्याच्या आत सगळा सांगाडा लाकडाचा आहे. ॲश नावाच्या चिवट लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून बसवलेला. खाली लोखंडाचा साटा, पुढे-मागे सरळ आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. मामा म्हणत, “ही मोटार सुतार-लोहारांनी केलेली आहे. तुझ्या धमणीची इंग्रज बहीण.” एकूण वजन सुमारे आठशे किलो. लांबी साडेतीन मीटर, रुंदी दीड मीटरही नाही.

आम्ही महूला निघालो तेव्हा माझा मुलगा बरोबर होता. तो बावीस वर्षांचा, गाड्यांचा मोठा शौकीन. त्याचा बेत आधीच ठरलेला. आमची पिकअप न्यायची, मोटारीला दोर बांधायचा, आणि थेट पारोळ्यापर्यंत ओढत आणायची. मोटार पिकअपच्या हौद्यात मावत नव्हती, पण ओढायला काय हरकत? भाड्याचे पैसे वाचतात. गावात आपण सगळे हेच करतो. ट्रॅक्टर बंद पडला की दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर लावून आणतो, जीपही तशीच आणतो. म्हणून मलाही त्यात वावगे वाटले नाही.

शेडचे दार उघडले. मामांनी मोटारीवरची चादर काढली. मुलगा हरखून गेला. त्याने लगेच पुढे वाकून दोर कुठे बांधायचा ते पाहायला सुरुवात केली. मामा शांतपणे स्टुलावर बसले आणि त्यांनी एकच विचारले, “हिच्या स्टिअरिंगवर कोण बसणार?”

“मी बसतो ना, आजोबा.”

“बरं. आता आत बस आणि ब्रेक दाब.”

मुलाने ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. ब्रेकच्या नळ्यांतले तेल केव्हाच गळून गेले होते, रबरे आखडून त्यांची लाकडे झाली होती.

मामा म्हणाले, “दोराने गाडी पुढे ओढता येते. दोराने गाडी मागे धरता येत नाही. इथून गावापर्यंत दोन मोठे उतार आहेत. पुढच्या गाडीने वेग कमी केला की तू तिच्या मागच्या फाळक्यावर जाऊन आदळशील. आणि ही टोपलीएवढी गाडी, डोक्यावर टपसुद्धा नाही.” मुलगा हसला, “हळूहळू आणू की.” मामा हसले नाहीत. म्हणाले, “चाळीस वर्षं मी अपघाताच्या गाड्या उघडल्या आहेत. त्यातल्या कितीतरी हळूहळूच चालल्या होत्या.”

त्या रात्री जेवणे झाल्यावर मामांनी आम्हाला ओढण्याचा कायदा सांगितला. तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून इथे देतो. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत तो स्पष्ट लिहिलेला होता. २०१७ साली त्या नियमांच्या जागी नवे आले, तरी गाभा बदललेला नाही. बिघडलेले वाहन ओढायचे ते जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवाना असलेला माणूस पाहिजे, नाहीतर तिची पुढची चाके क्रेनने वर उचललेली पाहिजेत. दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी पाहिजे, म्हणजे तिला लाल फडके बांधावे. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या ठळक अक्षरांत ‘ऑन टो’ असे लिहिलेले असावे. आणि वेग? १९८९ च्या नियमांनी तो ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊ दिला नव्हता. महू ते आमचे गाव पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाने न थांबता साडेअकरा तास झाले असते, तेही भरधाव ट्रकांच्या मधून. मुलाने मनाशी हिशेब केला आणि गप्प झाला.

मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आजच्या गाड्यांची. हल्लीच्या गाड्यांत इंजिन बंद असले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही एकदम जड होतात, कारण त्यांना मदत करणारी ताकद इंजिनाकडून येते. आणि किल्ली काढून ठेवली तर स्टिअरिंग मध्येच अडकून बसते. तेव्हा चार पावले जरी गाडी ओढायची असली तरी किल्ली लावून सुरूच्या बाजूला फिरवलेली असावी, आणि आत बसणाऱ्याने ब्रेकवर पूर्ण जोर द्यायची तयारी ठेवावी. दोराऐवजी लोखंडी दांडा मिळाला तर फार बरे. दांडा ओढतोही आणि धरूनही ठेवतो. दोर एकदा ढिला पडला की पुढच्या झटक्याला तुटतो, आणि तुटलेला दोर चाबकासारखा उलटा येतो.

मग मोटार आणायची कशी? उपाय आमच्याच पिकांनी दिला. रावेर-सावद्याकडून केळी घेऊन इंदूरच्या मंडईत येणाऱ्या गाड्या परतताना पुष्कळदा रिकाम्या असतात. ओळखीतून एक चौदा फुटी आयशर ठरली. मोटार साडेतीन मीटर, हौदा सव्वाचार मीटर. आरामात बसणार होती. भाडे दोर-पिकअपपेक्षा जास्त पडले, हे खरे. पण पिकअपचे डिझेल, दोन दिवस आणि एका तरुण पोराचा जीव, हे दुसऱ्या पारड्यात टाकले तेव्हा मला ते जास्त वाटले नाही.

कागदपत्रांचे काम आधी. दुसऱ्या राज्यातली गाडी कायमची आणायची तर तिथल्या परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो, आणि इकडे नव्याने नोंद करावी लागते. जुन्या मोटारींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. आधी नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, देखभाल, एवढ्यापुरतीच. मामांनी जुने नोंदणी पुस्तक मेणकापडात गुंडाळून जपले होते. ते पाहून वाटले, आपल्याकडे सातबारा इतका नीट ठेवणारे किती असतील?

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार चढवली. उंच हौद्यात मोटार उचलून घालायची नसते, समपातळीवरून सरकवायची असते. म्हणून आयशर एका गोदामाच्या धक्क्याला लावली, मधल्या फटीवर दोन जाड फळ्या टाकल्या. चाकांत हवा आधीच भरून घेतली होती. टाकीतले उरलेसुरले पेट्रोल काढले, बॅटरीच्या तारा सोडल्या. मोटारीचे तोंड पुढे ठेवले. कारण तिच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला आहे, दारे पुढून उघडतात. वारा फटीत शिरला तर दार उखडून नेईल, म्हणून दारे आणि बॉनेट सुती पट्ट्यांनी बांधली.

बांधण्याचे काम मात्र मामांनी कुणाला करू दिले नाही. ड्रायव्हरदादा दोर घेऊन पुढे आले आणि सवयीने तो बंपरला अडकवू लागले. मामांनी हात धरला. “बंपरला नको, पत्र्याला नको, चाकाच्या तारांना तर मुळीच नको. आसाला बांधा.” त्यामागचे कारण आपल्याला चटकन कळेल. गाडीचे अंग स्प्रिंगांवर खालीवर होते. अंगाला बांधलेला दोर प्रत्येक खड्ड्यात ढिला पडतो आणि पुन्हा झटका देतो. कडब्याची गाडी भरली की दोन कोसांवर कडबा दबतो आणि दोर सैल होतो, तसेच. आस मात्र स्प्रिंगेच्या खाली आहे. तो चाकांबरोबर जागच्या जागी राहतो. खटक्याने ताणण्याचे चार रुंद पट्टे घेतले. पुढचे दोन पुढच्या आसाला, मागचे दोन मागच्या आसाला, आणि दोन्हीकडे फुली करून हौद्याच्या कड्यांत अडकवले, म्हणजे गाडी आडवी सरकू नये. जिथे लोखंड पट्ट्याला घासेल तिथे जुन्या साडीचे तुकडे गुंडाळले. ब्रेकची नळी पट्ट्याखाली सापडत नाही ना, ते टॉर्च लावून पाहिले. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरा ठोकल्या. हातब्रेक मामांनी दोन दिवस बसून दुरुस्त केला होता. त्याची तार वेगळी असते, तेलावर चालत नाही. तो ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली.

शेवटी ताडपत्री. मामा म्हणाले, “ताडपत्री वाऱ्याने फडफडते आणि रंग खरवडते. आधी मऊ काही घाला.” आणि घरातून मामींच्या हातची गोधडी घेऊन आले. ती मोटारीवर पसरताना त्यांचा हात जरा रेंगाळला. आम्ही दुसरीकडे पाहिले.

पहाटे पाचला निघालो. मामा आयशरमध्ये ड्रायव्हरशेजारी, आम्ही बापलेक मागे पिकअपमध्ये. पंधरा-वीस किलोमीटर झाले नाहीत तोच मामांनी गाडी थांबवायला लावली. मानपूर जवळ आले होते, धुके होते. सगळे उतरलो आणि पट्टे तपासले. दोन पट्टे खरोखरच बोटभर सैल झाले होते. पहिल्या टप्प्यातच बांधणी बसते आणि सैल पडते, म्हणून पहिला थांबा लवकर घ्यायचा, मग दर तासा-दीड तासाने.

मानपूरच्या पुढे माळव्याचे पठार संपते आणि रस्ता नर्मदेच्या खोऱ्यात उतरू लागतो. इथला गणपती घाट फार बदनाम. उतरताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी इथे कितीतरी बळी घेतले, म्हणून उतरणाऱ्या गाड्यांसाठी अलीकडे कमी उताराचा वेगळा रस्ता काढला आहे. आमचे ड्रायव्हरदादा शहाणे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुना नियम त्यांनी पाळला. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे आपण पाहतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी धरत नाही.

धामनोदच्या पुढे खलघाट. इथे नर्मदा. ऊन वर आले होते, पाणी निळे-हिरवे दिसत होते. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी आपली एस. टी. इथल्याच जुन्या पुलाचा कठडा तोडून भर पुरात नर्मदेत कोसळली. बसमधल्या कुणाचीही सुटका झाली नाही. आमच्या भागात ते दु:ख अजून ओले आहे. पुलावर आलो तेव्हा पुढच्या आयशरमधून मामांचा हात बाहेर आला आणि त्यांनी एक नाणे नदीत टाकले. माझ्या मुलानेही हात जोडले.

नर्मदा ओलांडली की निमाड. दोन्ही बाजूंना कापसाची शेते, वेचणाऱ्या बायांच्या रांगा, कुठे वाळत घातलेल्या मिरच्यांचे लाल गालिचे. जुलवान्याला चहा झाला, पट्टे पाहिले. रस्त्यावरचा प्रत्येक जण विचारी, ताडपत्रीखाली काय आहे? एका धाब्यावर आमच्याच बोलीत प्रश्न आला, “हाई काय शे, जिभाऊ?” पाहतो तर शिरपूरकडचा ट्रकवाला. मुलाने ताडपत्रीचे टोक उचलून तारांचे चाक दाखवले. तो म्हातारा ट्रकवाला चाकाकडे न पाहता पट्ट्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “बांधणी झकास केली.” मामांना दिवसभरात झालेला आनंद तो एवढाच असावा.

सेंधवा म्हणजे कापसाच्या जिनांचे गाव. ते मागे टाकले की बिजासनचा घाट. बिजासनी माता खान्देशातल्या कित्येक घरांची कुलदेवता. आम्ही थांबलो, नारळ फोडला. देवीला नमस्कार करून ड्रायव्हरदादांनी गाडीचे चारही टायर हातोडीने वाजवून पाहिले. नमस्कार आणि हातोडी, दोन्ही पाहिजेत.

घाट उतरला की महाराष्ट्र, आणि पहिले मोठे गाव पळासनेर. इथे मामांनी पुन्हा गाडी थांबवली. ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातून उतरून आलेला एक खडीचा अवजड ट्रक ब्रेक निकामी झाल्याने इथे पुढच्या गाड्यांना धडकत थेट रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला होता. दहा जणांचा तरी जीव गेला. बसची वाट पाहणारी, चहा पिणारी माणसे होती ती. आता तिथे सगळे नेहमीसारखे चालले होते. एसटीची वाट पाहत दोन शाळकरी मुली उभ्या होत्या. मुलगा बराच वेळ घाटाकडे मान वळवून पाहत राहिला. मग पट्टा तपासता तपासता मला हळूच म्हणाला, “बाबा, दोर लावून मी या उतारावर असतो.” एवढेच बोलला. मी काही उत्तर दिले नाही. उत्तर माझ्याकडेही नव्हते, कारण महूला निघताना तो दोर पिकअपमध्ये मीच ठेवला होता.

हाडाखेडच्या तपासणी नाक्यावर कागद पाहिले गेले. सगळे जागेवर होते, पाच मिनिटांत सुटलो. शिरपूरनंतर तापी. पात्र रुंद, काठाला केळीच्या बागा. खरे सांगायचे तर तापी दिसली की घर आल्यासारखे वाटते. सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकाने. मामांनी आग्रहाने एक तांब्या घेतला, म्हणाले, “रिकाम्या हाताने कसा जाऊ?” धुळ्याला शेवभाजी खाल्ली आणि मुंबई-आग्रा रस्ता सोडून पूर्वेला वळलो. सुरतेकडून नागपूरकडे जाणारा हा रस्ता, जुना सहा नंबरचा, आता त्रेपन्न. पारोळ्याचा किल्ला दिसला तेव्हा उन्हे कलली होती. झाशीच्या राणीचे सासरचे नेवाळकर घराणे या पारोळ्याशी जोडलेले. मामा मुलाला ते सांगत होते, पण त्यांचे लक्ष पुढच्या फाट्याकडे होते.

फाट्यापासून गाव दोन किलोमीटर. पावसाळ्यात नाल्यावरची फरशी खचली होती. आयशर पलीकडे जाईना. तेव्हा एवढे अंतर मोटार आपल्या चाकांवरच न्यायची होती. नाल्याकाठी एक उंच दरड आहे. तिला आयशर मागून लावली, महूच्या फळ्या पुन्हा कामी आल्या, आणि मोटार जमिनीवर उतरली. मुलाने पिकअप पुढे आणली. मामा म्हणाले, “पिकअप नको, झटका देते. जोडी आण.”

आमची खिलारी जोडी आली. पुढच्या आसाला दोन्हीकडून सोल बांधून मधोमध आणला, वखराला जुंपतात तशी जोडी जुंपली. मामा स्टिअरिंगवर बसले. पण नाल्यात उतरताना त्यांनी बैल सोडायला लावले. उतारावर ओझे बैलांच्या पायांवर जाते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. दोर मागच्या आसाला बांधला. गावचे आठ-दहा जण मागे उभे राहिले, आणि मोटार तसू तसू खाली सोडली. मामांचा हात हातब्रेकवर. चढाला पुन्हा बैल पुढे, आणि एकजण हातात पाचर घेऊन मागच्या चाकाजवळ चालत. बैल थांबले की पाचर चाकामागे. पोरांची वरात मागून. पिकअपच्या मागे मुलाने पाटी बांधली होती, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत, नियमाप्रमाणे. बैलगाडीला ती लागत नाही, पण त्याने ती लावलीच.

रात्री अंगणात वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. शेजारीपाजारी मोटार पाहून गेले. काहींनी विचारले, ही चालेल का? मामा म्हणाले, “आधी थांबेल. मग चालेल.” ब्रेकचे काम त्यांनी पहिले हाती घेतले आहे, इंजिनाला अजून हात लावलेला नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कुणाला अशी इंग्रजी मोटार आणायची वेळ क्वचितच येईल. पण ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, मळणी यंत्र ओढण्याची वेळ दर हंगामात येते. दोन चाकांची ट्रॉली किंवा ट्रेलर भरताना आपली बैलगाडी आठवावी. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलार होते. मोटारीमागच्या ट्रेलरचेही तसेच होते, मागचे ओझे पुढच्या गाडीला शेपटासारखे हलवते. ओझ्याचा साधारण दहावा हिस्सा आकड्यावर पडावा, म्हणजे ट्रेलर सरळ चालतो. आणि ट्रेलर डोलू लागला तर ब्रेकवर उडी न मारता वेग हळूहळू सोडावा. लांबचे अंतर असेल तर ओढायच्या ऐवजी लादून आणावे. जवळचे असेल तर दांडा लावावा, लाल फडके लावावे, दिवसाउजेडी आणावे. आणि निघण्यापूर्वी मागच्या गाडीचा ब्रेक दाबून पाहावा.

आमच्या घरी तो दोर आता विहिरीवर आहे. त्याच्या जागी पिकअपमध्ये लोखंडी दांडा आला आहे. मुलाने तो पारोळ्याच्या लोहाराकडून स्वत: करून आणला. मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर नाल्यात बंद पडला, तेव्हा ते दोर मागायला आले. मुलगा दांडा घेऊन गेला, आणि जोडण्याआधी त्याने ट्रॅक्टरवर चढून ब्रेक दाबला. पडवीतून मामा पाहत होते.